भाषादान : रात्री शटर पाडल्यावरची दहा मिनिटं

नागपूरच्या कॉटन मार्केटजवळ आमचं कृषी केंद्र आहे. मागच्या वर्षी एक पेड एआय अ‍ॅप घेतलं होतं, बाहेरच्या कंपनीचं, दर महिन्याला पैसे कटायचे, म्हटलं शेतकरी आपल्या भाषेत विचारेल आणि हे उत्तर देईल. ऑगस्टमध्ये काटोलकडचे एक काकाजी आले, संत्र्याचा बगीचा आहे त्यांचा, मोबाईल समोर धरून म्हणाले "आंबिया बहार गळून राह्यला, काय मारू?" आंबिया म्हणजे संत्र्याचा हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा बहार, पण अ‍ॅपनं आंबिया चं आंबा केलं आणि मोहरावरच्या तुडतुड्याची फवारणी सांगून मोकळं. काकाजी म्हणे भाऊ, हेच औषध द्या. आता संत्र्याची गळ बुरशीनं आहे, रस शोषणाऱ्या पतंगानं आहे का वावरात पाणी साचून आहे हे पाह्यल्याशिवाय औषध देताच येत नाही, मी काउंटरवर नसतो तर हजार-दोन हजार गेले असते त्यांचे आणि बहार गेला असता तो वेगळाच. त्यांना फांदी आणि गळलेली फळं घेऊन अमरावती रोडच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत जायला सांगितलं, अ‍ॅप त्याच दिवशी बंद केलं.

मग शोधता शोधता भाषादान सापडलं, एआयला आपल्या भाषा शिकवायला लोकांकडून आवाज आणि मजकूर गोळा करणारी वेबसाईट, केंद्र सरकारच्या भाषिणी या भाषांच्या एआय प्रकल्पाची आहे, फुकट. 'बोलो इंडिया'मध्ये स्क्रीनवर वाक्य येते ते वाचून रेकॉर्ड करायचं, 'सुनो इंडिया'मध्ये ऐकलेलं टाईप करायचं, दुसऱ्यांनी दिलेलं बरोबर आहे का तेही तपासता येते. मी पंखा बंद करून बसतो, आवाज साफ येतो.

एआयच्या रेसमध्ये आपण मागं आहो हे खरंच आहे. 2024 मध्ये केंद्र सरकारच्या इंडियाएआय मिशनला पाच वर्षांसाठी 10,372 कोटी मंजूर झाले, अमेरिकेतली एकेक मोठी कंपनी एका वर्षात याच्या कितीतरी पट डेटा सेंटरवर लावते, तिथं पैशानं पुरणार नाही आपण. पण चीनच्या डीपसीकसारखी एआय मॉडेल कोणालाही डाउनलोड करता येतात, ती चालवायच्या चिपा मिशनमधून सबसिडीत भाड्यानं मिळतात. काटोलचा माणूस बहाराबद्दल कसा बोलतो हे रेकॉर्डिंग मात्र जगात कोणाकडून विकत मिळत नाही, ते आपल्यालाच द्यावं लागते. माझ्या मते सरकारनं सगळ्यात आधी पैसा इथं लावावा.

आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या संशोधन गटानं इंडिकव्हॉइसेस या आवाजांच्या संग्रहासाठी 2024 पर्यंत 22 भारतीय भाषांतल्या 16,237 लोकांचे आवाज घेतले, त्यात वाचलेलं कमी आणि मनानं बोललेलं जास्त, मला ही पद्धत फार पटली कारण कागद हातात आला का आपण सगळे पुस्तकातली मराठी बोलतो, "राह्यला" चं "राहिला" होऊन जाते. पऱ्हाटी, वावर, डवरा हे शब्द आपले लोक बोलता बोलताच येतात.

नागपूर, वर्धा, अमरावतीकडच्यांनी नक्की करा, माझ्याकडून पाच पैकी पाच स्टार. टायपिंगचा भाग आमची पोरगी करते, तिचा हात फास्ट आहे.