एसीची दोरी वीज कंपनीच्या हातात: टेक्सासमध्ये एक आख्खा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

निर्णय आधी सांगतो. आमच्या वीज कंपनीच्या थर्मोस्टॅट (एसीचं तापमान ठरवणारं भिंतीवरचं उपकरण) योजनेत खालच्या मजल्याचा एसी राहील, वरच्या मजल्याचा काढला. एवढं ठरायला पूर्ण उन्हाळा गेला आणि त्यातला बराच वेळ ग्राहक सेवेच्या फोनवर गेला. डॅलसच्या उत्तरेला आपली मंडळी भरपूर आहेत, आणि उन्हाळा तोंडावर आला की या योजनांचे ईमेल सगळ्यांनाच येतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

योजना बहुतेकांना माहीत आहे. मे ते सप्टेंबर या काळात मागणी चढली की कंपनी इंटरनेटवरून आपल्या थर्मोस्टॅटचा आकडा चार डिग्री फॅरनहाइटपर्यंत वर नेते. अशा प्रत्येक वेळेला ते इव्हेंट म्हणतात. आमचा 76 वर असतो, म्हणजे 80. त्याआधी तासभर घर नेहमीपेक्षा गार करून ठेवते, त्याला ते प्रीकूलिंग म्हणतात. बदल्यात नाव नोंदवल्याबरोबर प्रत्येक थर्मोस्टॅटमागे 50 डॉलर आणि हंगाम संपल्यावर ऑक्टोबरच्या बिलात आणखी 30. आमचं घर दुमजली, त्यामुळे एसी दोन आणि थर्मोस्टॅटही दोन. एकूण 160 डॉलर. मी दोन्ही जोडले.

पैसे हे एक कारण झालं. दुसरं कारण फेब्रुवारी 2021 ची कडाक्याची थंडी. त्या थंडीत आम्ही इथेच होतो. 15 फेब्रुवारीच्या पहाटे इथल्या ग्रीडची, म्हणजे राज्यभरच्या वीजजाळ्याची, फ्रीक्वेन्सी नेहमीच्या 60 वरून 59.4 हर्ट्झच्या खाली घसरली होती. तशीच 9 मिनिटं राहिली असती तर वीजकेंद्रं आपोआप ग्रीडपासून तुटत गेली असती आणि अख्खं ग्रीड बसलं असतं. 4 मिनिटं 37 सेकंद उरली असताना ते सावरलं, तेही लाखो घरांची वीज तोडून. सरकारी आकड्यानुसार त्या थंडीत 246 माणसं गेली. टेक्सासचं ग्रीड शेजारच्या राज्यांपासून जवळजवळ तुटक आहे, अडीअडचणीला बाहेरून फारशी वीज आणता येत नाही. आख्ख्या वस्तीचा फीडर (तिला वीज पुरवणारी लाइन) बंद करण्यापेक्षा हजारो घरांचे एसी चार डिग्री वर गेलेले परवडले, हे मला तेव्हाही पटत होतं आणि आजही पटतं. हे मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढची तक्रार योजनेच्या कल्पनेबद्दल नाही.

खालच्या मजल्याचा अनुभव खरोखर चांगला आला. मी बाजारातून साधे दोन थर्मामीटर आणून एक दिवाणखान्यात आणि एक वरच्या पश्चिमेकडच्या खोलीत ठेवला. तीन तासांच्या इव्हेंटमध्ये खाली 76 चे जेमतेम 78 झाले. छताचा पंखा लावला की 78 मध्ये काहीच वाटत नाही. सेल्सिअसमध्ये सांगायचं तर साडेपंचवीस, आणि घरी सोलापूरला आईबाबा एसी 26 वरच लावतात. प्रीकूलिंगमुळे फरशी आणि भिंती गार झालेल्या असतात, तो गारवा पहिला दीड तास निभावून नेतो.

वरचं मात्र वेगळं. इथली घरं लाकडी सांगाड्याची, वर डांबरी शिंगल्सचं छप्पर आणि त्याखाली तापलेला अॅटिक, म्हणजे पोटमाळा. दुपारभर साठलेली उष्णता संध्याकाळी खाली झिरपत राहते. वरचा थर्मोस्टॅट जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये आहे, तिथे 80 दिसत असताना पश्चिमेच्या खोलीतला माझा थर्मामीटर 84 दाखवत होता. कंपनीला पॅसेजचा आकडा कळतो. खोलीत कोण झोपलंय हे तिला कळत नाही, आणि कळायची काही सोयही नाही.

वेळेचंही एक आहे. या इव्हेंट भर दुपारी होत असतील असं अनेकांना वाटतं. टेक्सासमध्ये आता दुपारी सौरवीज इतकी असते की खरी ओढाताण सूर्य कलल्यावर सुरू होते. 6 सप्टेंबर 2023 ला एर्कॉटने, म्हणजे टेक्सासचं ग्रीड चालवणाऱ्या संस्थेने, वीजटंचाईची दुसऱ्या पातळीची आणीबाणी जाहीर केली तीही संध्याकाळी सातनंतर, सौरवीज उतरत असताना आणि वारा मंद असताना. म्हणजे कंपनीला आपला एसी हवा असतो तो साधारण पाच ते नऊच्या दरम्यान. नेमकी तेव्हाच मुलं घरी असतात, वरण शिजत असतं, तव्यावर पोळ्या चाललेल्या असतात. ज्याच्या घरी रोज गॅससमोर तासभर उभं राहून स्वयंपाक होतो त्याला हे चार डिग्री वेगळे लागतात. बायकोने दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं, इव्हेंटच्या दिवशी पोळ्या सकाळी करून ठेवायच्या किंवा संध्याकाळी भात. ते जमलं. पण त्यासाठी इव्हेंट आहे हे तिला आधी कळायला हवं.

आणि इथेच सगळं घोडं अडलं.

इव्हेंटची सूचना येते ती फक्त खातेदाराला. एक ईमेल, एक एसएमएस, दोन्ही माझ्याच फोनवर. बिल माझ्या नावावर आहे म्हणून कंपनीच्या लेखी घर म्हणजे मी. प्रत्यक्षात त्या वेळेला घरी असतात बायको, मुलं आणि उन्हाळ्यात सोलापूरहून आलेले आईबाबा. मी ऑफिसात, मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. घरच्यांना दिसतं ते थर्मोस्टॅटच्या कोपऱ्यातलं नखाएवढं चिन्ह.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी आई वर पश्चिमेच्या खोलीत पडली होती. तिला बीपीची गोळी चालू आहे, तीही लघवी वाढवणारी. अशा गोळीवर असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी उकाड्यात लवकर कमी होतं, हे डॉक्टरांनी आम्हाला येतानाच बजावलं होतं. तिला गरगरायला लागलं म्हणून बाबा पॅसेजमध्ये गेले आणि उणेचं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला: ऊर्जा बचत कार्यक्रमातून बाहेर पडायचं आहे का? खाली हो आणि नाही. बाबा इंग्रजी वाचतात, प्रश्न त्यांना कळला. पण बाहेर पडलो तर पोराला दंड बसेल, करार मोडेल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी नाही दाबलं, आईला हात धरून खाली आणलं, लिंबूसरबत दिलं आणि माझी वाट बघत बसले. मी घरी पोचलो तेव्हा ती सोफ्यावर उशीला टेकून बसली होती. वरची खोली 85 वर होती.

दंड वगैरे काही नसतो. आमच्या करारात इव्हेंट कितीही वेळा रद्द करता येते. पण ते पडद्यावर लिहिलेलं नाही. ‘बाहेर पडल्यास कोणतेही शुल्क नाही’ ही एक ओळ तिथे असती तर बाबांनी क्षणभरही विचार केला नसता.

त्या रात्री बाबा एक बोलले ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. म्हणाले, आपल्याकडे लोडशेडिंग होतं तेव्हा त्याचं वेळापत्रक पेपरात यायचं, शेजारीपाजारी सगळ्यांना माहीत असायचं, पिठाची गिरणी केव्हा चालू हेही त्यावर ठरायचं. महाराष्ट्रात त्या काळी ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी जास्त तिथे वीज जास्त तास जायची. ते अन्यायाचं वाटायचं, पण लपून काही नव्हतं. इथे वीज जात नाही, दिवे चालू, फ्रीज चालू, फक्त हवा तापत जाते आणि घरातल्या माणसाला कारण कळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू केले. मागणी एवढीच होती: सूचनेसाठी दुसरा नंबर लावून द्या. पहिल्या बाई म्हणाल्या, सुरक्षिततेच्या कारणाने फक्त खातेदाराचाच नंबर चालतो. मी म्हटलं, बिलाची माहिती नका देऊ, फक्त ‘आज पाच वाजता’ एवढं कळवा. त्यांनी थर्मोस्टॅटच्या कंपनीकडे बोट दाखवलं. थर्मोस्टॅटवाल्यांनी योजना चालवणाऱ्या तिसऱ्याच कंत्राटदाराकडे बोट दाखवलं. कंत्राटदाराने परत वीज कंपनीकडे. ही टोलवाटोलवी बरेच दिवस चालली. मग मी सांगितलं, वरचा थर्मोस्टॅट काढा, खालचा राहू द्या. उत्तर आलं की हंगाम संपायच्या आत एक काढला तर त्याचे ऑक्टोबरचे 30 डॉलर मिळणार नाहीत. मी म्हटलं ठेवा. तरी काढायला आणखी एक आठवडा लागला.

इथवर माझं मत पूर्ण विरोधात गेलं होतं. ते थोडं बदललं ते सप्टेंबरमध्ये. थर्मोस्टॅटच्या अॅपमध्ये घरातल्या इतर माणसांना जोडायची सोय असते, ती मी बायकोच्या आणि बाबांच्या फोनवर करून दिली. इव्हेंट ठरली की अॅप जोडलेल्या प्रत्येकाला कळवतं, प्रीकूलिंग सुरू व्हायच्या आधी. ज्या गोष्टीसाठी मी तीन कंपन्यांशी भांडलो ती सोय हातात होती आणि ग्राहक सेवेतल्या एकालाही ती ठाऊक नव्हती. त्यानंतरच्या इव्हेंट घरात सुरळीत पार पडल्या. बाबांनी एकदा स्वतः खालची इव्हेंट रद्द केली, कारण पाहुणे यायचे होते. काही झालं नाही, बिलात काही लागलं नाही. योजनेत असाल तर हे आजच्या आज करा.

आता पैशाचं बोलतो, कारण 160 डॉलर ऐकून मलाही बरं वाटलं होतं. आमचा दर युनिटला 14 सेंट, करार बांधलेला. एसीचं साडेतीन टनाचं यंत्र चालू असताना ताशी साधारण साडेतीन युनिटं वीज खातं. तीन तासांच्या इव्हेंटमध्ये ते निम्मा वेळ बंद राहिलं तर पाचेक युनिटं वाचली, म्हणजे माझे 70 सेंट. त्यातही प्रीकूलिंगला जास्तीची वीज जाते आणि इव्हेंट संपल्यावर घर परत 76 वर आणायला एसी सलग पळतो. म्हणजे बिलात वाचलेलं जवळपास शून्य. ज्यांचा दर तासागणिक बदलतो त्यांचं गणित वेगळं येईल, बांधलेल्या दराच्या माणसाला मिळतं ते फक्त बक्षीस.

कंपनीचं गणित वेगळं आहे. टंचाईच्या वेळी टेक्सासच्या घाऊक बाजारात भाव मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटांना, 5,000 डॉलरपर्यंत चढू शकतो. 2021 च्या थंडीत ही मर्यादा 9,000 होती, 2022 पासून ती खाली आणली. 5,000 म्हणजे युनिटला 5 डॉलर. माझी पाच युनिटं वाचली तर त्या टोकाच्या भावाने एका संध्याकाळचे, एका घराचे 25 डॉलर. भाव रोज तिथे जात नाही, आणि कंपन्या बरीच वीज आधी ठरलेल्या भावाने घेऊन ठेवतात हे खरं. पण घेऊन ठेवलेली वीज वापरली गेली नाही तर चढ्या भावाने विकताही येते. मोठी टंचाई आली तर अशा दोन संध्याकाळींतच माझ्या थर्मोस्टॅटचं वर्षाचं बक्षीस वसूल होऊ शकतं. कंपनीने नफा कमवायला माझी हरकत नाही. पण घरातला उकाडा जर इतका मोलाचा असेल तर हंगामाला 30 डॉलर ही किंमत कमी आहे, आणि दर इव्हेंटमागे, खरोखर सोसलेल्या तासांमागे पैसे मिळायला हवेत. रद्द करणाऱ्याला आणि पूर्ण तीन तास घामाघूम होणाऱ्याला आज सारखंच मिळतं.

सही करण्याआधी करारात एक गोष्ट नक्की वाचा: आणीबाणीत रद्द करायचा हक्क राहतो की जातो. कोलोरॅडोत 30 ऑगस्ट 2022 ला एक्सेल एनर्जीच्या अशाच योजनेतल्या सुमारे 22,000 ग्राहकांचे थर्मोस्टॅट काही तासांसाठी बंदिस्त झाले होते, घरातून खाली आणता येत नव्हते. लोकांनी त्या योजनेत नाव नोंदवलं होतं 100 डॉलरच्या सवलतीसाठी आणि वर्षाला 25 डॉलरसाठी. कलम आधीपासून होतं, बहुतेकांच्या ते लक्षात त्या दिवशी आलं. इथे टेक्सासमध्येही जून 2021 मध्ये काही घरांचे थर्मोस्टॅट आपोआप वर गेले, आणि बक्षिसाच्या सोडतीसाठी नाव देताना आपण कशाला होकार दिला हे घरच्यांना माहीतच नव्हतं. आमच्या करारात आणीबाणीचं असं कलम नाही. असतं तर आईबाबा इथे असताना मी खालचाही ठेवला नसता.

घरात तान्हं मूल असेल, म्हातारं माणूस असेल, कोणी दिवसा झोपून रात्रपाळी करत असेल, तर त्यांच्या खोलीचा एसी या योजनेला देऊ नका. 30 डॉलर फार नाहीत. एकच एसी असलेल्या घरांनी निदान एक इव्हेंट शनिवारी, सगळे घरात असताना, थर्मामीटर लावून बघावी आणि मग ठरवावं. खाली पंखे आहेत, सावली आहे, अशा घराने बिनधास्त जोडावा. ग्रीडला त्याचा उपयोग आहे.

ऑक्टोबरच्या बिलात खालच्याचे 30 डॉलर जमा झाले. वरच्याचे अर्थातच नाहीत. दुसऱ्या नंबरच्या मागणीचं लेखी उत्तर मात्र अजून आलेलं नाही, म्हणून आता राज्याच्या वीज आयोगाकडे तक्रार दिली आहे. मागणी दोनच ओळींची आहे: सूचना घरातल्या किमान दोन माणसांना जावी, आणि रद्द करायच्या बटणाशेजारी ‘दंड नाही’ असं लिहावं.