कोटेड बुलेट आठ महिने वापरल्या, बॅरल वाचतं का?

रायफल .३०८ विंचेस्टर काडतुसाची, बॅरल नवीन, आणि पहिल्या दिवसापासून एचबीएन म्हणजे हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड ही घर्षण कमी करणारी पूड लावलेल्याच बुलेट मारल्यात, हजारेक राउंड झाले असतील. आधीच्या बॅरलला मॉली (मॉलिब्डेनम डायसल्फाइड, त्याच कामाची काळी पूड) वापरायचो, तेही काम करतं पण बोटं, टेबल, फडकं सगळं काळंकुट्ट, शिवाय ओलाव्यात तसंच ठेवलं तर थराखाली गंज धरायची भीती. एचबीएन पांढरं, ती कटकटच नाही.

फायदा झाला तो साफसफाईत. पूर्वी बुलेटचं बॅरलमध्ये चिकटलेलं तांबं काढायचं सॉल्व्हंट घालून पॅच (फडक्याचा तुकडा) फिरवला की गडद निळा यायचा, सात-आठ पॅच गेले तरी निळाच, आता तिसऱ्यालाच फिकट पडतो. ब्रश आणि रॉड कमी फिरतो हेही चांगलंच, कारण रॉड वेडावाकडा घालून क्राउनची, म्हणजे बॅरलच्या तोंडाच्या कडेची, वाट लावणारे बरेच पाहिलेत.

पण झीज थांबली का? नाही. परवा बोअरस्कोप (बॅरलच्या आत बघायची दुर्बीण) घातला तर थ्रोटला, म्हणजे रायफलिंग (आतल्या पिळाच्या खाचा) सुरू होतं तिथे, तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशा बारीक भेगा, आणि तिथून थोडं पुढे गेलं की लँडच्या, म्हणजे दोन खाचांमधल्या उंचवट्यांच्या, कडा अगदी धारदार. थ्रोट मुख्यतः बुलेट घासून जात नाही हो, पावडरच्या गॅसने जातो. स्टील साधारण १,५०० अंश सेल्सियसला वितळतं आणि हा गॅस २,००० च्या वर, लागतो क्षणभरच पण दर राउंडला पृष्ठभाग तापतो, थंड होतो, तडकतो. बुलेटवरचा एवढासा थर त्याला काय अडवणार.

दुसरं म्हणजे घर्षण कमी झालं की प्रेशर उतरतं, वेगही उतरतो. माझ्या क्रोनोग्राफवर (वेग मोजायचं यंत्र) त्याच लोडला, म्हणजे तेवढ्याच पावडरला, सेकंदाला तीसेक फूट कमी आले. मग लोक वेग भरून काढायला पावडर वाढवतात आणि तीच पावडर थ्रोट खाते, म्हणजे केलं ते पाण्यातच. मी वाढवली नाही, स्कोपचं सेटिंग नव्याने काढलं. आणि हो, धुतलेल्या बॅरलमधून पहिले पाच-सहा राउंड भरकटतात, थर बसला की ग्रुप जमतो, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागतात, त्यामुळे मॅचच्या आधी ते मारूनच घ्या. कोटेड आणि साध्या बुलेट आलटून पालटून मारू नका, झीरो, म्हणजे स्कोपचा जुळवलेला नेम, हलतो.

पुढच्या बॅरललाही एचबीएनच लावणार, पण सफाईसाठी. थ्रोटसाठी आता दहा राउंड झाले की बोल्ट उघडा ठेवून थांबतो, बॅरल हाताला सोसवेपर्यंत पुढचा राउंड भरत नाही.