‘क्लोन करून देतो, ताई’: एसएसडीच्या नावाखाली झालेली माझी फसवणूक

रोख पैसे गेले ते ६,२०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण तक्रार घेऊन जिथे जिथे गेले तिथे तो ऐकल्याबरोबर समोरच्याचा रस संपला. खरं नुकसान त्या आकड्यात नाहीच. मी डीटीपीचं काम करते. पुस्तकं, स्मरणिका, दिवाळी अंकाची पानं, लग्नपत्रिका. २०१७ साली घेतलेल्या लॅपटॉपवर तेव्हापासूनचं सगळं काम होतं, आणि त्यातलं बहुतेक आज अस्तित्वात नाही.

लॅपटॉपमध्ये एक टीबीची साधी हार्ड डिस्क होती. अलीकडे कोरलड्रॉमध्ये चार पानं उघडली तरी मशीन गुदमरायचं. प्रोसेसर सातव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, ते आठव्या पिढीपासून पुढे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवा लॅपटॉप घेण्याइतके पैसे हातात नव्हते, म्हणून दिवाळीची कामं उरकल्यावर एसएसडी, म्हणजे साध्या हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क, टाकायचं ठरवलं. नवीन विंडोज टाकून घ्यायचं नव्हतं. पानं लावायच्या जुन्या पेजमेकर सॉफ्टवेअरची सीडी आता कुठून आणू? फॉन्ट, त्यांची सेटिंग, कीबोर्डची मांडणी, हे सगळं पुन्हा बसवायचं म्हणजे काय असतं ते मराठी टाइपसेटिंग करणाऱ्यालाच कळेल. म्हणून क्लोन. विंडोजसकट सगळी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवायची.

दुकान अनोळखी नव्हतं. माझ्या प्रिंटरचं कार्ट्रिज तिथेच रिफिल व्हायचं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘दोन टीबी फक्त हजार रुपयांत’ असली जाहिरात बघून मी गेले असेन असं नातेवाइकांनीही गृहीत धरलं. तसं काही नव्हतं. भाव बाजारापेक्षा थोडाच कमी होता, कुणालाही संशय येऊ नये इतकाच. एक टीबी एसएसडी ४,८००. क्लोनिंग १,२००. ‘विंडोज अ‍ॅक्टिव्हेशन’ ९००. जुनी हार्ड डिस्क एक्स्चेंजमध्ये दिल्याबद्दल वजा ७००. एकूण ६,२००, त्यातले २,००० आधी आणि ४,२०० मशीन घेताना, दोन्ही यूपीआयने. पक्कं बिल मागितलं तर ‘१८ टक्के वर जाईल ताई, उगाच १,२४२ रुपये कशाला घालवता’ असं उत्तर आलं. आपल्याकडे अशा दुकानातून पक्कं बिल घेतो कोण? कुणीही छातीवर हात ठेवून सांगावं.

ते ९०० रुपये तर शुद्ध लूट होती, हे नंतर समजलं. विंडोजचं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डाशी, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डाशी, जोडलेलं असतं. नुसती डिस्क बदलली आणि क्लोन केलं तर पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करण्याची गरज सहसा पडतच नाही. यासाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

आता तो क्षण, जो अजून झोपू देत नाही. क्लोनिंग सुरू करताना मी दुकानातच होते. स्क्रीनवर दोन डिस्कची नावं होती. वरच्या ओळीत माझी जुनी डिस्क, कंपनीच्या पूर्ण मॉडेल नंबरसकट. खालच्या ओळीत नवी, आणि तिच्यापुढे फक्त ‘सॅटा एसएसडी’ (सॅटा हा जोडणीचा प्रकार, कंपनीचं नाव नव्हे). बाकी काही नाही. हातात दाखवलेल्या डिस्कवर मात्र नामांकित कंपनीचं चकचकीत स्टिकर होतं. मी बोट ठेवून विचारलं, ‘इथे कंपनीचं नाव का नाही आलं?’ दुकानदार वर न बघता म्हणाला, ‘ते असंच दाखवतं, ताई. बूट झालं की येईल.’

असंच दाखवत नाही. आपलं नाव स्टिकर सांगत नाही, डिस्कचा कंट्रोलर, म्हणजे तिच्या आतली नियंत्रक चिप सांगते, आणि नामांकित कंपनीची डिस्क स्वतःचं मॉडेल स्पष्ट सांगते. उत्तर माझ्या समोर उघडं पडलेलं होतं. मी प्रश्नही नेमका विचारला होता! पण समोरचा माणूस रोज हेच काम करतो, आपण डिस्क बदलायला आलेलं गिऱ्हाईक. त्याने इतक्या सहजपणे सांगितल्यावर आणखी किती ताणणार? डॉक्टरांनी औषध दिल्यावर आपण कंपाउंडरशी वाद घालतो का?

संध्याकाळी मशीन घ्यायला गेले. विंडोज झटक्यात उघडलं. डेस्कटॉप तोच, चिन्हं त्याच जागी, फॉन्ट सगळे हजर. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह, मोकळी जागा, सगळं बरोबर. डी मध्ये जाऊन मी स्वतः फाइली उघडून पाहिल्या. वर्षांप्रमाणे फोल्डर आहेत, वरचे २०१७ चे. ते व्यवस्थित उघडले. म्हणजे तपासलं नाही असं कुणी म्हणू नये. मी तपासलं, आणि तपासूनच जुनी डिस्क त्याच्या हवाली केली.

जुनी डिस्क देऊ नका. ७०० रुपयांसाठी नाही, ७,००० साठी नाही. निदान महिनाभर कपाटात ठेवा.

पुढे एका प्रकाशकाचा फोन आला की एका पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची आहे, दोन पानांवर दुरुस्ती आहे. फाइल जागेवर होती. नाव बरोबर, तारीख बरोबर, साइज ४८ एमबी, तीही बरोबर. उघडायला गेले तर फाइल खराब असल्याचा निरोप. शेजारची उघडली, तेच. २०२२ चं फोल्डर, २०२३ चं, २०२४ चं, सगळीकडे तेच. फोटोंच्या जागी नुसते कोरे चौकोन. शेवटी एक फाइल नोटपॅडमध्ये उघडली. आत एक अक्षर नव्हतं, खराब अक्षरंसुद्धा नव्हती, खाली खाली जात राहिलं तरी निव्वळ कोरी जागा.

भाच्याला बोलावलं. जेवढं वाचत होतं तेवढं त्याने आधी बाजूला काढलं आणि मोकळ्या केलेल्या डिस्कवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवलं. ते डिस्क शेवटपर्यंत भरतं आणि लिहिलेलं पुन्हा वाचून ताडून बघतं. विंडोज या डिस्कला ९३१ जीबी दाखवत होतं (एक टीबीची डिस्क तेवढीच दिसते, त्यात खोट नाही). निकाल आला: २२३ जीबी ठीक, बाकीचे ७०८ जीबी लिहिलेच गेले नाहीत. मग त्याने स्टिकरचा कोपरा नखाने उचलला. खाली दुसरं स्टिकर होतं, एका अनोळखी कंपनीचं, त्यावर ‘२४० जीबी’. पावशेराच्या डब्यावर किलोची चिठ्ठी.

ही युक्ती पेन ड्राइव्हमध्ये सगळ्यांना माहीत आहे. कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलून डिस्कला खोटी क्षमता सांगायला लावायची. खऱ्या चिपपलीकडे जे लिहिलं जातं ते कुठेच जात नाही, पण ‘लिहिलं’ असा होकार मात्र येतो. क्लोन केलेल्या मशीनमध्ये हे किती घातक होतं ते लक्षात घ्या. माझी सी ड्राइव्ह १८० जीबीची, डिस्कच्या सुरुवातीला. ती पूर्णपणे खऱ्या चिपवर बसली, म्हणून विंडोज सुसाट चाललं. डी ड्राइव्हच्या फाइलींची यादी त्या ड्राइव्हच्या सुरुवातीजवळ असते, तीही खऱ्या चिपवर आली, म्हणून सगळी नावं आणि साइज दिसत राहिले. २०१७ च्या फाइलीही तिथेच पुढे होत्या, त्या उघडल्या. त्यानंतरचं सगळं हवेत. मशीन चालू झालं म्हणजे क्लोन नीट झालं, असं समजू नका. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत नव्या फाइली उघडून बघा, मधल्या वर्षांच्याही.

ही एसएसडी पुण्यात डेटा रिकव्हरीवाल्याकडे नेली. तपासणीचे १,७७० गेले. तो माणूस सरळ होता, म्हणाला, जे लिहिलंच गेलं नाही ते काढणार कुठून, जुनी हार्ड डिस्क असेल तर आणा. जुनी हार्ड डिस्क! दुकानदार म्हणतो ती ‘विकली गेली, कुणाला ते आठवत नाही’. आणि एसएसडी? ‘मी दिलेली ही नव्हेच. तुम्ही बाहेर कुठे बदलून घेतली असेल.’ माझ्याकडे असलेल्या कच्च्या चिठ्ठीवर नुसतं ‘एसएसडी १ टीबी, ओके’ लिहिलंय, सिरियल नंबर नाही. कुठलीही डिस्क घ्या, सिरियल नंबर बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि डिस्क बसवण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा.

त्या दुसऱ्या आवृत्तीची २८८ पानं छापील प्रतीवरून पुन्हा टाइप करून घेतली. पानाला ४० रुपये, ११,५२० झाले, ते माझ्या खिशातून. एका संस्थेची स्मरणिका अर्धी झाली होती, त्यांना आगाऊ घेतलेले १२,००० परत केले. म्हणजे ६,२०० ची गोष्ट ३१,४९० वर गेली, आणि गेलेल्या कामाची किंमत यात धरलेलीच नाही.

आता ज्यांनी मदत करायची त्यांच्याविषयी. ज्या कंपनीचं स्टिकर होतं तिच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलाने सिरियल नंबर टाकला आणि लगेच सांगितलं की हा आमचा माल नाही, डुप्लिकेट आहे. म्हटलं, एवढंच एका कागदावर लिहून द्या. तर नाही! ‘आम्ही लेखी देत नाही.’ तुमच्या नावाने बनावट माल विकला जातोय, पुरावा टेबलावर ठेवलाय, आणि तुम्हाला दोन ओळी लिहायला हात उचलत नाही?

पोलिसांकडे गेले. ‘किती गेले?’ ‘६,२००.’ ‘मॅडम, हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा.’ खोटं स्टिकर लावून, फर्मवेअर बदलून, पैसे घेऊन विकणं हे दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, ते कुणासाठी लिहिलंय? मी कलमाचं नाव काढल्यावर ‘वकील आहात का?’ असं विचारलं गेलं. अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र साहेब जागेवर नव्हते. पुन्हा गेले तेव्हा बंदोबस्त होता. मग अर्ज सापडेना. एका फोनवरच्या मदतकेंद्राने सांगितलं की पैसे तुम्ही स्वतःच्या पिनने दिलेत, वस्तू मिळालीय, हे आमच्यात बसत नाही. दुसरीकडे दुकानाचा जीएसटी क्रमांक मागितला. तो माणूस जीएसटी भरत नाही हीच तर तक्रार आहे, तर त्याचा क्रमांक मी कुठून आणू? त्या जुन्या हार्ड डिस्कवर माझ्या बँकेची स्टेटमेंट आहेत, गिऱ्हाइकांची छापायला आलेली, अजून प्रसिद्ध न झालेली हस्तलिखितं आहेत. ती डिस्क आज कुणाच्या हातात आहे हे शोधावं असं एकालाही वाटलं नाही. प्रत्येकाने फक्त रक्कम विचारली.

पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर तिथे वाद घालण्यात वेळ घालवू नका. स्पीड पोस्टाने तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे. मी पाठवली आहे. ‘मंच’ आता जिल्हा ग्राहक आयोग झालाय. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुरावा म्हणून देता येतं, फक्त त्याला भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. हे मला कुठल्याही खिडकीवर सांगितलं नाही, स्वतः वाचून शोधावं लागलं. दुकानदाराने ‘उद्या या, बघतो’ असं लिहिलेले मेसेज मी तसेच ठेवलेत. चिडून कुणाला ब्लॉक करू नका, चॅट पुसू नका.

आणि क्लोन स्वतः करा. लॅपटॉपची एसएसडी यूएसबीला जोडायची केस चारपाचशेत मिळते. आधी कोऱ्या डिस्कवर एचटूटेस्टडब्ल्यू चालवा, एक टीबीला बरेच तास लागतील, लागू द्या. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलचं नाव आणि वापराचे तास बघा, नव्या डिस्कला शेकडो तास दिसले तर ती नवी नाही. मोठ्या कंपन्या स्वतःचं क्लोनिंग सॉफ्टवेअर फुकट देतात. सॅमसंगचं डेटा मायग्रेशन तर सॅमसंगच्याच एसएसडीवर उतरवतं. तुमची ‘सॅमसंग’ त्याला ओळखू आली नाही, तर स्टिकर काहीही सांगो, ती सॅमसंग नव्हे.

शेवटी एक विनंती. अडीच इंची, एक टीबीची जुनी लॅपटॉप हार्ड डिस्क अलीकडे पश्चिम महाराष्ट्रात कुणी सेकंडहँड घेतली असेल आणि तिच्यावर डी ड्राइव्हमध्ये २०१७ पासून वर्षवार फोल्डर दिसत असतील, तर ती माझी असू शकते. फॉरमॅट केलेली कोरी दिसली तरी कुठून आली ते दुकानदाराला विचारा. त्यावर नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर फाइली अजूनही निघू शकतात. कृपया तिच्यावर काही कॉपी करू नका आणि मला कळवा. तुम्ही मोजलेले पैसे देईन, वर तेवढ्याच क्षमतेची नवी डिस्क पक्क्या बिलासकट घेऊन देईन.