आलेंतेजूमधली घोड्यांवरची सहल : आमची फसवणूक कशी झाली

२०२४ च्या एप्रिल महिन्यात पोर्तुगालमधल्या सहा दिवसांच्या घोड्यांवरच्या सहलीसाठी मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने मिळून ३,७०० युरो भरले, आणि लिस्बनला उतरल्यावर आम्हाला कळले की अशी सहल कोणी आखलेलीच नव्हती. त्यातले ९२५ युरो पुढे परत मिळाले. उरलेले २,७७५ युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे अडीच लाख रुपये, गेले ते गेलेच. पुण्या-मुंबईकडचे रपेटीची आवड असलेले बरेच लोक हल्ली अशा सहलींची चौकशी करतात आणि आम्ही विचारले तेच प्रश्न तेही विचारत असतात. ते प्रश्न पुरेसे नव्हते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही दोघी सहा वर्षांपासून पुण्यात रपेट शिकतो. दुडकी चाल आणि कँटर, म्हणजे घोड्याची संथ दौड, आम्हाला जमतो, दिवसाचे चार-पाच तास खोगिरावर काढण्याची सवय आहे. पोर्तुगाल निवडले ते तिथल्या लुसितानो जातीच्या घोड्यांसाठी. त्या देशात घोड्याला फार जुना मान आहे. आल्तेर दु शाँव इथली राजघराण्याची अश्वपैदास १७४८ साली सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. तेजू नदीच्या दक्षिणेला आलेंतेजू नावाचा मोठा, विरळ वस्तीचा, टेकड्या-टेकड्यांचा प्रदेश आहे आणि त्यात बुचाच्या ओक वृक्षांची, म्हणजे ज्यांच्या सालीपासून बाटल्यांची बुचे बनतात त्या झाडांची, मैलोन् मैल राने आहेत. (आपल्याकडे ज्याला बुचाचे झाड म्हणतात, ते सुगंधी पांढऱ्या फुलांचे झाड वेगळे.) आम्हाला संकेतस्थळावर सापडलेली सहल याच प्रदेशातली होती. ग्रांदोलाच्या डोंगरातून निघायचे, रोज सुमारे २५ किलोमीटर चालायचे, वाटेत सांतियागू दु कासेंजवळचे मिरोब्रिगाचे रोमन अवशेष पाहायचे, शेवटच्या दिवशी मेलीदेशच्या समुद्रकिनाऱ्यावर पोहोचायचे; मुक्काम शेतघरांत, आणि सामान जीपने पुढे जाणार. मिरोब्रिगाला रोमन काळातले घोड्यांच्या शर्यतींचे मैदान आहे, याचाही त्यात उल्लेख होता आणि ते खरेही आहे. एवढी बारीक माहिती देणारा माणूस खोटा असेल असे आमच्या मनातही आले नाही.

विश्वास बसला तो मात्र एका फॉर्ममुळे. पहिल्या पत्राच्या उत्तरात त्या माणसाने किंमत सांगितली नाही, उलट आम्हालाच प्रश्न विचारले. तुमचे कपड्यांसह वजन किती, उंची किती, उघड्या मैदानावर कँटर किती वेळा केला आहे, उतारावर घोडा उतरवला आहे का, कधी पडला आहात का, रिकीब किती लांब ठेवता, गुडघ्याचा किंवा पाठीचा त्रास आहे का? आम्ही दोघींनी तो फॉर्म एका संध्याकाळी बसून, एकमेकींची उत्तरे तपासत, अगदी प्रामाणिकपणे भरला. बहीण म्हणाली, "ताई, यांना घोड्याची काळजी आहे बघ." दोन दिवसांनी त्याचे उत्तर आले, की माझ्या बहिणीला कँटरचा सराव वाढवावा लागेल, नाहीतर तिला सोप्या गटात घ्यावे लागेल. तिने पुढचे दोन महिने पहाटे उठून तो सराव केला. आता मागे वळून पाहता मला वाटते की आमची खरी चूक तिथेच झाली. आम्ही पात्र आहोत की नाही हे तो ठरवत होता, आम्ही उत्तीर्ण होण्याच्या धडपडीत होतो, आणि त्या गडबडीत त्याची परीक्षा घ्यायची राहूनच गेली.

जानेवारीत २५ टक्के रक्कम, म्हणजे ९२५ युरो, आम्ही क्रेडिट कार्डाने भरली. मार्चच्या सुरुवातीला त्याने उरलेल्या रकमेची मागणी केली आणि कळवले की कार्डाने भरल्यास ४ टक्के जादा पडतील, बँकेतून थेट पाठवल्यास काही नाही. ते ४ टक्के म्हणजे १११ युरो होत होते. ते वाचवावेत या विचाराने मी बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म भरला आणि २,७७५ युरो पाठवले. फॉर्म भरताना दोन गोष्टी मला खटकल्या होत्या. पोर्तुगालमधल्या खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक, 'पीटी' या अक्षरांनी सुरू होतो. हा 'एलटी' ने, म्हणजे लिथुआनियाच्या अक्षरांनी सुरू होत होता. आणि लाभार्थीच्या रकान्यात सहलीच्या संस्थेचे नाव नव्हते, भलत्याच एका कंपनीचे होते. मी विचारले, तेव्हा तासाभरात शांत, सभ्य उत्तर आले, की परदेशी पाहुण्यांचे पैसे घेण्यासाठी आम्ही ऑनलाइन खाते वापरतो आणि नोंदणीचे काम ती कंपनी पाहते. युरोपातले कितीतरी खरे व्यावसायिकही लिथुआनियातली अशी खाती वापरतात, त्यामुळे हे उत्तर खोटे वाटले नाही. परंतु नाव वेगळे का, या प्रश्नाला ते उत्तरच नव्हते. घोडे तिथे पेंड खात होते आणि मला ते दिसलेही होते. तरी मी सही केली.

आणखी एका गोष्टीने आम्ही निर्धास्त झालो. व्हिसाच्या अर्जाला आम्ही त्याने पाठवलेले आरक्षणाचे पत्र जोडले होते आणि व्हिसा मिळाला. कागदपत्रे तपासली गेली, म्हणजे सहलही खरी, असे आम्ही गृहीत धरले. वास्तविक व्हिसा देणारे अधिकारी तुम्ही परत याल का, तुमच्याकडे पैसे आणि विमा आहे का, हे पाहतात. एखाद्या शेतघरातले घोडे मोजायला कोणी जात नाही.

१७ एप्रिलपर्यंत त्याचे निरोप येत होते. शेवटच्या निरोपात लिहिले होते की विमानतळावर ड्रायव्हर तुमच्या नावाची पाटी घेऊन उभा असेल. २० तारखेला दुपारी आम्ही लिस्बनला उतरलो, तीन तास थांबलो, पाटी दिसली नाही, फोन लागला नाही. रात्री हॉटेलात बसून बहिणीने संकेतस्थळावरचा मुख्य फोटो, एका पांढऱ्या घोड्याचा, छायाचित्र शोधणाऱ्या सेवेत टाकला. दहा मिनिटांत तोच फोटो ग्रांदोलाजवळच्या एका शेतघराच्या जुन्या पानावर सापडला. नाव निराळे, फोन निराळा. हे काम जानेवारीतही दहा मिनिटांचेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आगगाडीने आम्ही ग्रांदोलाला गेलो आणि तिथून टॅक्सीने त्या शेतघरी पोहोचलो. साठीच्या पुढच्या एक बाई बाहेर आल्या. त्यांना इंग्रजी थोडे येत होते. मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग बोटाने फोटो मोठा करून घोड्याच्या उजव्या मांडीवर डागून उमटवलेली खूण दाखवली आणि दारावरच्या फरशीकडे बोट केले; तीच खूण तिथे निळ्या रंगात रंगवलेली होती. तो घोडा त्यांचाच होता आणि २०१९ साली पोटशुळाने मेला होता. त्यानंतर त्यांनी पोर्तुगीजमध्ये काहीतरी विचारले, त्यातला 'पागार' एवढाच शब्द मला कळला. पैसे देणे या अर्थाच्या त्याच शब्दावरून आपला 'पगार' आला आहे. मी मान हलवली आणि आकडा कागदावर लिहून दाखवला, तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या.

आम्हाला आलेला कार्यक्रम त्यांनी ओळीने वाचून पाहिला. तो त्यांच्याच जूनमधल्या सहलीवरून उतरवलेला होता, फॉर्मसुद्धा त्यांचाच होता. तिसऱ्या दिवसाशी येऊन त्या थांबल्या. 'बूच सोलण्याचे काम प्रत्यक्ष पाहा' असे तिथे लिहिलेले होते. त्या आम्हाला अंगणामागच्या रानात घेऊन गेल्या. एका झाडाचा बुंधा माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत सोललेला होता आणि त्यावर पांढऱ्या रंगाने ८ हा आकडा काढलेला होता. २०१८ साली साल काढली, असा त्याचा अर्थ. कायद्याने ९ वर्षांच्या आत पुन्हा काढता येत नाही, म्हणजे या झाडाची पाळी २०२७ साली. आणि हे काम साधारण मे महिन्याच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंतच चालते, कारण झाड जोमाने वाढत असते तेव्हाच साल बुंध्याला इजा न होता सुटते. एप्रिलमध्ये बूच सोलताना दाखवण्याचे आश्वासन आलेंतेजूतला कोणीही माणूस देणार नाही. त्या प्रदेशाबद्दल एक साधा लेख आम्ही वाचला असता, तरी ही विसंगती आमच्या लक्षात आली असती.

त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तासांची रपेट करण्याचा आग्रह केला आणि नेहमीचे पैसे घेतले. ते घेतले याचे मला बरे वाटले. निघण्यापूर्वी त्यांनी आम्हाला विम्याचा कागद वाचून सही करायला लावले, शिरस्त्राणे डोक्यावर नीट बसतात का ते स्वतःच्या हाताने पाहिले, आणि मग कुंपणातल्या गोल रिंगणात आम्हा दोघींना दहा मिनिटे फिरवले. आम्ही सहा वर्षे शिकतो हे सांगूनही त्या काही न बोलता फक्त आमच्या टाचा आणि लगामावरचे हात बघत होत्या. माझा घोडा त्यांनी त्यानंतर बदलला. निघताना करक्रमांक असलेली पावती दिली.

नोंदणीचा मुद्दा नीट सांगितला पाहिजे, कारण तिथे आम्ही चौकशी केली होती आणि तरीही फसलो. पोर्तुगालमध्ये घोड्यांच्या सहलींसारखे उपक्रम चालवणाऱ्यांना 'तुरिज्मू द पुर्तुगाल' या सरकारी संस्थेच्या नोंदवहीत नाव घालावे लागते, त्या नोंदवहीला थोडक्यात 'आरएनएएटी' म्हणतात, आणि अपघाताचा व नुकसानभरपाईचा विमा बंधनकारक असतो. प्रवास-एजन्सींची नोंदवही वेगळी आहे. बनावट संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक दिलेला होता आणि मी तो शोधूनही पाहिला होता. तो खराच निघाला, कारण तो या बाईंचा होता. क्रमांक अस्तित्वात आहे एवढ्यावर मी थांबले. त्या नोंदीतले नाव, पत्ता आणि फोन हे संकेतस्थळावरच्या नाव-पत्त्याशी जुळवून पाहायला हवे होते, आणि संकेतस्थळावरचा फोन न वापरता नोंदीतल्या फोनवर एकदा बोलायला हवे होते. त्या एका फोनवर सगळे उघड झाले असते.

लिस्बनला परतल्यावर आम्ही रेस्टाउरादोरेस चौकातल्या पर्यटकांसाठीच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली. तिथे इंग्रजी बोलणारे अधिकारी होते आणि तक्रारीची प्रत लगेच हातात मिळाली. तिचा पुढे फार उपयोग झाला. पोर्तुगालमध्ये प्रत्येक दुकान-हॉटेलात तक्रारवही ठेवणे सक्तीचे आहे, पण जो व्यवसायच अस्तित्वात नाही त्याची वही कुठली? भारतात परतल्यावर १९३० या क्रमांकावर आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार दिली. बँकेने पैसे परत मागण्याचा संदेश पाठवला, त्याला काही आठवड्यांनी उत्तर आले की खात्यात शिल्लक नाही. पैसे पाठवून सात आठवडे होऊन गेले होते. पहिल्या एक-दोन दिवसांत कळवले तरच अशा संदेशाला काही अर्थ असतो. परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे ग्राहकसंरक्षणाचे नियम तेव्हा होते, परंतु आम्ही स्वतः सही करून पैसे पाठवले असल्यामुळे ते आम्हाला लागू झाले नाहीत. प्रवासविम्यातही फसवणुकीला भरपाई नव्हती. आणि तेव्हाच बारकाईने वाचताना लक्षात आले की घोडेस्वारीत झालेली दुखापतसुद्धा त्यात धरलेली नव्हती.

कार्डाने भरलेल्या ९२५ युरोंची गोष्ट वेगळी. सेवा मिळाली नाही, अशी हरकत कार्ड देणाऱ्या बँकेकडे घेता येते आणि कार्ड कंपन्यांच्या नियमांनुसार सेवा मिळायला हवी होती त्या तारखेपासून साधारण १२० दिवसांची मुदत असते. आम्ही लिस्बनच्या पोलीस तक्रारीची प्रत, सगळा पत्रव्यवहार आणि शेतघराच्या मालकीणबाईंनी लिहून दिलेले पत्र जोडले. जुलैमध्ये रक्कम जमा झाली. सगळेच पैसे कार्डाने भरले असते तर १११ युरो जास्त गेले असते आणि बहुधा सगळे परत आले असते. उरलेली रक्कम खात्यात पाठवा, असे व्यवहाराच्या मधल्या टप्प्यावर कोणी सुचवले आणि खातेदाराचे नाव संस्थेच्या नावाशी अक्षरशः जुळत नसेल, तर कृपया तिथेच थांबा, मग समोरचा माणूस घोड्यांविषयी कितीही जाणकारीने बोलत असो.

ते संकेतस्थळ मे महिन्यात बंद झाले. सप्टेंबरमध्ये बहिणीने तोच फोटो पुन्हा शोधून पाहिला, तेव्हा तो एका नव्या नावाच्या पानावर सापडला. मार्ग तोच, मेलीदेशचा किनारा तोच, तारखा ऑक्टोबरच्या, आणि तिसऱ्या दिवशी बूच सोलण्याचे काम दाखवण्याचे आश्वासनही तसेच होते. आम्ही ते पान त्या बाईंना आणि लिस्बनच्या पोलिसांना कळवले आहे. हे लिहीत असताना ते उघडून पाहिले; पांढरा घोडा अजून तिथे आहे आणि खाली तोच फॉर्म, वजन आणि उंचीच्या रकान्यांसह.