वर्तमानकाळाची रविवारची बॅच, नौपाडा: शिकवणं उत्तम, सरावपत्रिका कच्ची

चार रविवार, दर वेळी दोन तास, आणि विषय एकच: इंग्रजीतले चार वर्तमानकाळ. नौपाड्यातला हा छोटा क्लास नोकरी करणाऱ्यांसाठी आहे. शाळेत सूत्रं पाठ झाली, पण बोलताना गाडी अडते, असे लोक इथे येतात.

फळ्यावर सूत्रांच्या आधी चार मराठी वाक्यं लिहिली जातात: मी वाचतो, मी वाचतोय, मी वाचलंय, मी तासाभरापासून वाचतोय. पहिल्या तिन्हींची इंग्रजी जोडी चटकन लागते. चौथ्याचं क्रियापद दुसऱ्यासारखंच, पण इंग्रजीला तिथे वेगळा काळ हवा: आय हॅव बीन रीडिंग फॉर ॲन अवर. 'आय ॲम लिव्हिंग इन कळवा सिन्स टेन इयर्स' ही आपली सगळ्यात चिवट चूक इथूनच उगवते. त्यात आपलं 'पासून' दुहेरी. २०१५ पासून म्हटलं तर सिन्स, दहा वर्षांपासून म्हटलं तर फॉर. सुरुवात सांगितली की सिन्स, लांबी सांगितली की फॉर. इतकं स्वच्छ क्वचितच कोणी सांगतं.

'वाचलंय'मधला खड्डाही दाखवतात. 'ठाण्याला रेल्वे १८५३ सालीच आलीय' हे मराठीत सहज खपतं. इंग्रजीत साल, काल, गेल्या आठवड्यात असा संपलेला वेळ उच्चारला की 'हॅज कम' चालत नाही, 'केम'च लागतं. 'धिस मॉर्निंग' मात्र सकाळी दहाला पूर्ण वर्तमानकाळात चालतं, संध्याकाळी नाही, कारण तोवर सकाळ संपलेली असते. 'ही हॅज गॉन टू पनवेल' म्हणजे गडी अजून तिकडेच, 'ही हॅज बीन टू पनवेल' म्हणजे जाऊन आलाय. मराठीतही हा फरक आहेच, त्यामुळे तो एका फटक्यात डोक्यात बसतो.

तोंडी सराव जोड्यांमध्ये होतो. एकाने 'आय'चं वाक्य म्हणायचं, दुसऱ्याने कागद न बघता त्याचं 'शी' करायचं. वर्क्समध्ये स, गोजमध्ये झ, वॉचमध्ये मात्र अख्खा 'इझ' वाढतो, हेही तिथेच घोटून घेतात. 'शी डझंट गोज' ऐकू आलं की वर्ग थांबवतात: एस 'डझ'ने आधीच घेतलाय, क्रियापदाला आता काही उरलं नाही.

तक्रार सरावपत्रिकेची. चाळीस गाळलेल्या जागा, आणि जवळजवळ प्रत्येकीत नाऊ, एव्हरी डे, ऑलरेडी असा एखादा चुगलखोर शब्द. मग वाक्य वाचतो कोण? 'नाऊ' दिसला की लाव आयएनजी, आणि 'आय ॲम नोइंग द आन्सर नाऊ' तयार. नो, वाँट, बिलाँग यांना सहसा आयएनजी लागत नाही, आणि हॅवचं तर अर्थावर ठरतं: 'आय हॅव अ स्कूटर', पण 'आय ॲम हॅविंग लंच'. या क्रियापदांची यादी देतात, पण चाळिसांत त्यांचं वाक्य एकही नाही. उपाय घरचाच: असे शब्द पेनाने खोडा, मग सोडवा. जिथे दोन उत्तरं बसतात तिथे प्रसंग कल्पून लिहा. 'व्हॉट डू यू डू?' याचं उत्तर 'आय वर्क इन अ बँक'. 'व्हॉट आर यू डूइंग?' याचं 'आय ॲम वेटिंग फॉर द वाशी ट्रेन'.

शेवटचा रविवार घाईत उरकतात. किती झालं ते सांगायचं तर 'आय हॅव रिटन थ्री मेल्स', किती वेळ चाललंय ते सांगायचं तर 'आय हॅव बीन रायटिंग मेल्स फॉर टू अवर्स'. हा फरक खरं तर तासभर घोळवायला हवा, त्याला वीसेक मिनिटं मिळतात. उद्याच्या गोष्टीसाठी वर्तमानकाळ तर येतच नाही. वेळापत्रकातली गाडी 'लीव्ह्ज ॲट एट', आपण ठरवलेली भेट 'आय ॲम मीटिंग हर टुमॉरो', एवढं तरी हवं होतं.

फी दोन हप्त्यांत घेतात. दुसरा हप्ता देण्याआधी उत्तरपत्रिका चाळून बघा: तिच्यात नुसती उत्तरं आहेत, कारणं नाहीत. प्रत्येक चुकीचं कारण वर्गातच विचारून समासात टिपून घ्यावं लागतं.