बिनपरवान्याची ०.१७७ एअरगन: गोदामातल्या उंदरांसाठी उत्तम, नीलगाईसाठी कधीच नाही

देशात बनलेली, नळी मोडून ताणायची, स्प्रिंगवर चालणारी ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी व्यासाच्या नळीची एअरगन ग्वाल्हेरमध्ये दोन कारणांसाठी घेतली जाते. कुणाला लष्कर-मुरारच्या जुन्या कोठीत किंवा दाल बाजारातल्या गोदामात उंदीर-घुशींचा बंदोबस्त करायचा असतो, तर कुणाला मोहरीच्या शेतात शिरणारी नीलगाय हुसकायची असते. पहिल्या कामाला ही रायफल पंधरा मीटरपर्यंत अतिशय चांगली आहे. दुसऱ्या कामासाठी ती घेऊच नये, आणि त्याची कारणं पुढे सविस्तर दिली आहेत. चांगल्या रायफलीची किंमत पाच आकड्यांत जाते. त्यामुळे घेण्याआधी एवढं वाचून घेतलेलं बरं.

आधी कायदा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंतच्या आणि नळीच्या तोंडाशी २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तरी परवाना हवा, म्हणून ०.२२ ची एअरगन कितीही मवाळ असली तरी बिनपरवाना ठेवता येत नाही. ज्यूल काढायचं सूत्र सोपं आहे: पेलेटचं, म्हणजे आत घालायच्या छऱ्याचं, वजन ग्रॅममध्ये घ्या, वेग मीटर प्रति सेकंद घेऊन त्याचा वर्ग करा, दोन्हींचा गुणाकार करून २००० ने भागा. ८.४४ ग्रेनचा पेलेट ०.५४७ ग्रॅमचा असतो. तो २५० च्या वेगाने सुटला तर १७ ज्यूल होतात, २७० ला वीसची सीमा जवळजवळ गाठली जाते. खोक्यावर वेगाचे मोठाले आकडे छापलेले असतात ते बहुतेक हलक्या मिश्रधातूच्या पेलेटने काढलेले असतात. असा पेलेट आवाजाच्या वेगाजवळ गेला की डगमगतो आणि नेम बिघडतो. २४० ते २५० चा वेग आणि आठ-साडेआठ ग्रेनचा शिशाचा पेलेट, हीच या रायफलीची खरी जोडी. बिलावर रायफलीचा अनुक्रमांक आणि कॅलिबर लिहून घ्या. ऊर्जेचा आकडा असलेलं कंपनीचं पत्रक त्याच पिशवीत ठेवा, कारण रस्त्यात कुणी अडवलं तर कागदच उपयोगी पडतो.

दुकानात रायफल हातात आली की नळी अर्धी मोडून आडवी हलवून पाहावी. बिजागरीत खुळखुळ जाणवली तर ती रायफल परत द्यावी, कारण प्रत्येक बाराला नळी वेगळ्या जागी बसणार. पेलेट जिथे घालतात तिथे रबरी किंवा प्लास्टिकची कडी असते, ती चिरलेली नको. ती हवा सोडते का हे पाहायला नळी बंद केल्यावर फटीपाशी पातळ टिश्यू पेपरची पट्टी धरून बार काढायचा. पट्टी उडाली तर कडी गळते आहे. हा बार पेलेट घालून आणि मागे जाड लाकूड ठेवूनच काढावा. रिकामा बार कधीच काढू नये. पेलेट नसला की पिस्टनपुढे हवेची गादी तयार होत नाही, तो सरळ धातूवर आपटतो आणि हवा अडवणारं पिस्टनवरचं सील आणि स्प्रिंग दोन्हींचं आयुष्य संपवतो. दुकानात रिकामे बार काढून दाखवण्याची सवय दिसते, तिथला दाखवायचा नमुना विकत घेऊ नये.

नेमाबद्दलच्या बहुतेक तक्रारी रायफलीच्या नसून पकडीच्या असतात. चाप ओढला की पिस्टन पुढे धावतो आणि रायफल मागे येते. मग पिस्टन हवेवर अडतो आणि रायफल पुढे झटका खाते, आणि हे सगळं पेलेट अजून नळीत असतानाच होतं. दस्ता आवळून धरला तर हा दुहेरी झटका प्रत्येक वेळी वेगळा दबतो. म्हणून डावा तळहात उघडा ठेवून त्यावर दस्ता नुसता टेकवायचा, खांद्याला हलका स्पर्श, आणि रायफलीला हवं तसं हलू द्यायचं. भिंतीवर किंवा पोत्यावर नळी टेकवून बार काढला तर नेम हमखास वर जातो. याच दुहेरी झटक्यामुळे साधी दुर्बीण महिन्या-दोन महिन्यांत खिळखिळी होते. स्प्रिंगच्या एअरगनसाठी बनवलेलीच दुर्बीण घ्यावी, तिचा फोकस दहा मीटरपर्यंत खाली यायला हवा, आणि ती रायफलीवर बसवायच्या माउंटला मागे सरकू न देणारी खीळ हवी. ज्यांना दुर्बिणीचा खर्च नको, त्यांनी नळीच्या टोकाची माशी आणि मागच्या खाचेवरच हात बसवावा. पंधरा मीटरला ते पुरतं.

पहिले दोन-तीनशे बार नेम स्थिर होत नाही, कारण कारखान्यातलं जादा ग्रीस जळत असतं आणि थोडा धूर दिसतो. तोवर दुर्बिणीचे स्क्रू फिरवत बसू नये. त्यानंतर तीन-चार प्रकारचे पेलेट आणून प्रत्येकाचे पाच-पाच बार कागदावर काढावेत. गोल डोक्याचे पेलेट बहुतेक रायफलींना मानवतात, सपाट डोक्याचे दहा मीटरला स्वच्छ भोक पाडतात, टोकदार मात्र दिसायलाच धारदार असतात आणि नेमाला सगळ्यांत कच्चे. पाच भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली की तो पेलेट तुमचा.

आता शून्य बसवण्याबद्दल, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम धरला तिथेच पेलेट लागेल अशी दुर्बीण जुळवण्याबद्दल, कारण गोदामात उंदीर जखमी होऊन सुटतात ते बहुतेक इथल्याच चुकीमुळे. दुर्बीण नळीच्या सुमारे चार सेंटिमीटर वर बसते. पंधरा मीटरला शून्य केलेल्या रायफलीचा पेलेट दहा मीटरला जवळजवळ एक सेंटिमीटर खाली लागतो आणि पाच मीटरला दोन सेंटिमीटरहून थोडा जास्त खाली. उंदराच्या मेंदूची जागा जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरची. म्हणजे पाच मीटरवर डोक्यावर नेम धरला तर पेलेट जबड्याला लागणार आणि तो उंदीर बिळात जाऊन दोन दिवस तडफडणार. हे टाळायचा खात्रीचा उपाय म्हणजे अंतर एकच ठेवणं. शेंगदाण्याचं कूट आणि गूळ कालवून लाकडी फळीला चोळायचं, फळी भिंतीपाशी एका जागी ठेवायची, तिथून बारा मीटर मोजून स्टूल ठेवायचं आणि बरोबर बारा मीटरलाच शून्य करायचं. दोन-तीन रात्री नुसतंच खाऊ द्यावं, म्हणजे जनावरं निर्धास्त होतात. लाल काच लावलेल्या विजेरीला उंदीर फारसे बिचकत नाहीत. उंदीर खायला थांबला, डोकं आडवं दिसलं, की डोळा आणि कान यांच्या मध्ये. घूस अंगाने मोठी असते, तिला छातीवर मारून भागत नाही, डोक्याचाच नेम हवा.

फळीमागे काय आहे याचा विचार आधी करावा. ग्वाल्हेरच्या जुन्या इमारतींच्या भिंती आणि फरश्या दगडी आहेत, आणि दगडावरून शिशाचा पेलेट कुठेही उसळतो. फळीमागे वाळूचं भरलेलं पोतं किंवा जाड रबर उभं करावं आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. धान्याच्या थप्पीच्या दिशेने एकही बार काढू नये. चुकलेला पेलेट गव्हात किंवा डाळीत गेला तर शिसं लोकांच्या पोटात जाणार, आणि पोतं चाळून तो सापडेल याची हमी नाही. उघड्या मैदानात हाच पेलेट तीनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणून गच्चीवरून आकाशाकडे बार म्हणजे शेजारच्या मोहल्ल्याला धोका. मेलेला उंदीर हातमोजे घालून उचलावा, कारण लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मुत्रातून पसरतो. मेलेला उंदीर खोल खड्ड्यात पुरावा. उकिरड्यावर टाकला तर घुबड किंवा मांजर तो शिशासकट खाणार. काम झाल्यावर, खाण्याआधी, साबणाने हात धुवावेत.

हेही स्पष्ट सांगायला हवं की भरलेल्या गोदामाचे उंदीर एकट्या एअरगनने संपत नाहीत. बोटभर भोकातून उंदीर आत येतो. भोकं पत्रा आणि सिमेंटने बुजवणं, दाराखाली पत्र्याची पट्टी, पिंजरे, आणि झिंक फॉस्फाइडचं आमिष ही मुख्य कामं आहेत. त्यातून उरलेल्या, पिंजऱ्याला शहाण्या झालेल्या जुन्या घुशींसाठी ही रायफल आहे, आणि तिथे तिला तोड नाही.

देखभालीत जास्त चुका तेलाच्या होतात. शिलाई मशीनचं किंवा मोटारीचं तेल नळीमागच्या भोकात घातलं की दाबाने ते पेटतं, मोठा आवाज आणि धूर येतो, रायफलीत जोर आल्यासारखं वाटतं, आणि थोड्याच दिवसांत सील जळतं. जुन्या रायफलींत चामड्याचं वायसर असतं, त्याला अधूनमधून सिलिकॉन तेलाचे दोन थेंब पुरतात. प्लास्टिकच्या सीलला काहीच घालायचं नाही. दस्त्याचे स्क्रू दर शंभर-दीडशे बारांनी पाहावेत, नेम अचानक बिघडला तर पहिला संशय त्यांच्यावरच घ्यावा. रायफल ताणून तासन्‌तास ठेवली तर स्प्रिंग बसते आणि वेग उतरतो. मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हा टपरीच्या पत्र्याखाली ठेवलेल्या रायफलीचं ग्रीस वितळून पुढे येतं, आणि जानेवारीच्या धुक्यात तेच घट्ट होऊन पहिले काही बार मंद जातात. पेलेट घालताना दुसऱ्या हाताने नळी पक्की धरून ठेवावी, कितीही घाई असली तरी. नळी सुटून बंद झाली तर बोटं तरी चेमटतात किंवा नळी वर वाकते, आणि वाकलेल्या नळीचा नेम कुठल्याही स्क्रूने परत येत नाही.

आता नीलगाय, रानडुक्कर, माकडं, पोपट. नीलगाईचा मोठा नर दोनशे किलोच्या वर जातो. सतरा ज्यूलचा पेलेट त्याच्या कातडीत अडकतो, जखम सडू शकते आणि जनावर हाल होऊन मरू शकतं. नीलगाय आणि रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूचीत आहेत. शेतीचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती नसताना मारणं ही शिकार आहे आणि शिक्षा तुरुंगाची होऊ शकते. कावळे, वटवाघळं, उंदीर यांची ‘उपद्रवी प्राण्यां’ची जुनी पाचवी अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने काढून टाकली, म्हणून ‘कावळा मारला तर चालतो’ हे आता म्हणता येत नाही. पोपट आणि खार संरक्षित आहेत. भटक्या कुत्र्यावर किंवा माकडावर पेलेट मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० खाली गुन्हा होऊ शकतो. अरुणाचलात गावकऱ्यांनी आपल्या एअरगन सरकारजमा कराव्यात म्हणून २०२१ मध्ये अभियान सुरू झालं, ते याच बिनपरवान्याच्या रायफलींनी पक्षी संपत चालले म्हणून. नीलगाईवर खर्च करायचाच असेल तर तो कुंपणावर करावा.

आणि बारा बोअरची, छऱ्यांच्या काडतुसांची बंदूक? तिच्या परवान्याचा अर्थ शिकारीची परवानगी असा नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. अर्जाबरोबर शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला द्यावा लागतो, पोलीस चौकशी होते, आणि निवडणुकीत बंदूक जमा करायची तयारी ठेवावी लागते. ग्वाल्हेरच्या जिल्हा प्रशासनाने २०१९ मध्ये दहा झाडं लावण्याची अटही घातली होती, आणि ती अट चांगलीच होती. गोदामात बारा बोअरचं काही काम नाही. मोकळ्या शेतात, लेखी परवानगी नसेल तर, रानडुकरांना दूर ठेवणारा आवाज एवढाच तिचा उपयोग उरतो, आणि तो फटाक्यानेही होतो.

जुन्या सरदार घराण्यांतून आलेल्या इंग्रजी दुनळ्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी एक गोष्ट ताबडतोब तपासावी. त्यातल्या बऱ्याच बंदुकांचं काडतुसाचं घर ६५ मिमीचं असतं. आजची बहुतेक काडतुसं ७० मिमीची असतात, आणि हे माप उडाल्यानंतरच्या उघडलेल्या काडतुसाचं असतं. म्हणून न उडालेलं ७० चं काडतूस ६५ च्या घरात सहज बसतं, पण उडताना त्याचं तोंड पूर्ण उघडत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. नळीच्या बुडाशी कोरलेला ठसा पाहावा. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी आहे, तिच्यात आजचं काडतूस घालूच नये. परवानाधारक गेला असेल तर वारसाने बंदूक घरात न ठेवता विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, पावती घ्यावी, आणि स्वतःच्या नावाच्या परवान्याचा अर्ज त्या पावतीच्या प्रतीसह द्यावा.