दीड टन इन्व्हर्टर एसी, दुसरा उन्हाळा : 'कॉम्प्रेसर गेला' म्हणाले, गेला नव्हता

कंपनीच्या सर्व्हिसवाल्याने आउटडोअरचं झाकण न उघडताच 'कॉम्प्रेसर गेला' सांगितलं, तेव्हा मी या एसीला एक तारा देणार होतो. आता मत बदललंय.

पहिला उन्हाळा उत्तम गेला. परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ वर असतो, तरी २६ वर ठेवून पंखा लावला की खोली गार. बिलही आटोक्यात. दिवाळीनंतर गच्चीचं काम काढलं. ठेकेदाराच्या माणसांनी आउटडोअर सोडवलं, काम होईपर्यंत कॉपर पाइपची तोंडं उघडीच, मग परत जोडून दिलं. मार्चमध्ये एसी लावला तर थोडा वेळ गार हवा, मग आउटडोअर बंद. इनडोअरच्या कॉइलवर अर्ध्याच भागात बर्फ.

सर्व्हिसवाल्याने १६ हजार सांगितले. कॉम्प्रेसरची १० वर्षांची वॉरंटी? बाहेरच्या माणसाने हात लावला, म्हणून नाही. मीटर लावून पाहायचीही तसदी घेतली नाही, आणि व्हिजिटचे पैसे मात्र घेतले. याची चीड अजून गेलेली नाही.

मग वसमत रोडचा एक मेकॅनिक आणला. त्याने मेन स्विच बंद करून बराच वेळ थांबायला लावलं, कारण इन्व्हर्टरच्या बोर्डातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. मग कॉम्प्रेसरच्या तिन्ही पिना आपसात तपासल्या : रीडिंग सारखं, बॉडीला शॉर्ट नाही. म्हणजे वाइंडिंग, कॉम्प्रेसरच्या मोटरमधली तारेची गुंडाळी, शाबूत. जाड पाइपच्या फ्लेअर नटवर, म्हणजे पाइप आउटडोअरला जोडणाऱ्या नटवर, तेलाचा काळपट ओघळ होता, त्यावर सिमेंटची धूळ चिकटलेली. साबणाचा फेस लावला तर बुडबुडे आले. गॅस कमी, त्यामुळे कॉम्प्रेसर तापून ट्रिप होत होता.

आता खरा मुद्दा, व्हॅक्यूम, म्हणजे गॅस भरण्याआधी पंपाने पाइपमधली हवा आणि ओल ओढून काढणं. ठेकेदाराच्या माणसाने पंप लावलाच नव्हता, थोडा गॅस सोडून हवा काढली म्हणे. अशाने पाइपमधली ओल निघत नाही. या मशीनमधलं तेल ओल शोषतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते हळूहळू वाइंडिंगचं इन्सुलेशन खातं. कॉम्प्रेसर त्या दिवशी जळत नाही, पुढे कधीतरी जळतो, आणि तोवर ठेकेदार पैसे घेऊन गेलेला असतो. या मेकॅनिकने उरलेला गॅस काढून टाकला, फ्लेअर (नटात बसणारं पाइपचं पसरट तोंड) नवीन काढला, पंप अर्ध्या तासाहून जास्त चालवला, गेजचा काटा हलत नाही हे थांबून पाहिलं, मगच आर-३२ गॅस भरला. तोही अंदाजाने नाही. आउटडोअरच्या पाटीवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच, वजनकाट्यावर. सगळे मिळून ३,२०० रुपये.

एसी शिफ्ट करायचा असेल तर भाव ठरवण्याआधी 'पंप आणि वजनकाटा आहे का' एवढं विचारा. नसेल तर नटला पाना लावू देऊ नका.

त्यानंतर अख्खा मे एसी न अडखळता चालला. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हाही स्टॅबिलायझरवर तग धरतो. मशीनला चार तारे. सर्व्हिसला शून्य, आणि व्हिजिटचे पैसे परत मिळावेत अशी लेखी तक्रार केली आहे.